नव्या कामाला जुनी फुटपट्टी

गेल्या महिन्याच्या आढावा बैठकीची फाईल काढा. उत्पादन, डिस्पॅच, रिजेक्शन, टनामागे लागलेली वीज, ओव्हरटाइम, ग्राहकांकडून येणं बाकी, आणि प्रत्येक ओळीपुढे टार्गेट, प्रत्यक्ष आणि फरक. आता हातात पेन्सिल घ्या. आपण आज जे बनवतच नाही, किंवा ज्या ग्राहकाला आपला एकही नग अजून गेलेला नाही, त्याच्याविषयीच्या ओळींवर खूण करा. बहुतेक फायलींत एकही खूण पडत नाही. पडलीच तर शेवटच्या पानावर 'न्यू डेव्हलपमेंट : काम चालू आहे' एवढी ओळ सापडते. बैठक त्या पानापर्यंत पोचते तोवर दीड वाजलेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे लागलेलं असतं.

हा लेख पन्नास ते पाचशे माणसं कामाला असलेल्या कारखान्यांच्या मालकांसाठी आणि व्यवस्थापकांसाठी आहे. अशा कारखान्यांच्या हिशेबात आणि आढावा बैठकांत बसणं हे माझं रोजचं काम. मालक मंडळींची एक तक्रार मी फार ऐकतो, "आमच्या माणसांना नवं काही सुचतच नाही." मला तसं दिसत नाही. टूल रूममधल्या माणसाला सुचतं, मेटॅलर्जिस्टला सुचतं, ग्राहकाकडे जाणाऱ्या मार्केटिंगच्या मुलालाही सुचतं. पण सुचलेली गोष्ट करून पाहायला गेलं की त्यांचेच महिन्याचे आकडे बिघडतात. माणसं हुशार आहेत, म्हणूनच ती गप्प बसतात. तेव्हा दुरुस्ती माणसांत नव्हे, आपण काय मोजतो, कधी विचारतो आणि कशाबद्दल शाबासकी देतो, यात करायला हवी.

व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाची नीट मांडणी जेम्स मार्च या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ मध्ये केली. संस्थेपुढे नेहमी दोन प्रकारची कामं असतात, असं त्याने दाखवलं. एक म्हणजे नव्याचा शोध : प्रयोग, धाडस, अजून न जमलेल्या गोष्टी. दुसरं म्हणजे हातात आहे त्याचा पुरेपूर कस काढणं : सुधारणा, बचत, वेग, अचूकपणा. दोन्ही कामं त्याच माणसांकडून, त्याच पैशातून आणि त्याच वेळेतून करायची असतात. कस काढण्याचं फळ लवकर मिळतं आणि बऱ्यापैकी खात्रीचं असतं. शोधाचं फळ उशिरा मिळतं, पुष्कळदा मिळतही नाही, आणि मिळालं तरी ते नेमकं कुठल्या प्रयत्नाचं हे सांगता येत नाही. म्हणून कोणी मुद्दाम ठरवलेलं नसतानाही संस्था हळूहळू कस काढण्याकडे कलत जाते. दर महिन्याला ती थोडी अधिक कार्यक्षम होते, आणि तिला जे जमतं ते बाजाराला कधी नकोसं होईल याचा अंदाज तिला येत नाही.

आढाव्याची पद्धत हा कल आणखी वाढवते. हिशेब जवळच्या गोष्टींचा सोपा असतो. शोधावरचा खर्च तर ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतही नाही. आपल्या लेखा मानकांनुसार संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. विकासाच्या टप्प्यावरचा खर्च काही कडक अटी पुऱ्या झाल्या तरच मालमत्ता म्हणून दाखवता येतो. हिशेबाच्या दृष्टीने ही सावधगिरी योग्यच आहे. पण नफा-तोट्याचं पत्रक हेच ज्यांचं एकमेव साधन आहे त्यांना शोध म्हणजे निव्वळ तोटा वाटू लागतो.

हे शॉप फ्लोअरवर कसं दिसतं ते पाहा. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव भागातली महिन्याला दीडशे टन ग्रे आयर्न ओतणारी एक मध्यम फाउंड्री डोळ्यांपुढे आणा. इंजिनाच्या भागांवर चाललेला कारखाना. मालकांची मुलगी तीन वर्षांपूर्वी कामात आली. तिचं म्हणणं असं की ट्रॅक्टरच्या आणि ब्रेकच्या भागांसाठी एसजी आयर्न जमवलं पाहिजे. महिन्याची २८ तारीख. ट्रायल हीट ठरलेली आहे.

"ताई, ट्रायल पुढच्या आठवड्यात घेऊ या. आज दोन गाड्या भरायच्यात."

"मागच्या महिन्यातही हेच झालं ना, काका?"

"साहेबांनी टनेज विचारलं तर मी काय सांगू?"

प्रॉडक्शन मॅनेजर अडेलतट्टू नाही, त्याचं गणित बरोबर आहे. एसजी आयर्नसाठी चार्जमध्ये गंधक कमी लागतं, म्हणजे स्क्रॅप निवडून घ्यायचं. लॅडलमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की तिचा परिणाम मिनिटागणिक उतरू लागतो. दहाएक मिनिटांत ओतकाम उरकलं नाही तर ग्रॅफाइटच्या गाठी गोल बनत नाहीत आणि नग भंगारात जातो. धातू आकसतो जास्त, म्हणून रायझर मोठे लागतात आणि तेवढ्याच वितळलेल्या धातूतून विकाऊ वजन कमी निघतं. उरलेले रनर-रायझर ग्रे आयर्नच्या ढिगात मिसळून चालत नाहीत, ते वेगळे ठेवावे लागतात. एका ट्रायलमुळे भट्टीचं, मोल्डिंगचं आणि यार्डाचं रोजचं वेळापत्रक विस्कटतं.

आता आकडा बघा. दीडशे टनांवर ४ टक्के रिजेक्शन म्हणजे ६ टन. समजा महिन्यात पाचशे किलोच्या तीन ट्रायल घेतल्या आणि निम्मा माल वाया गेला. सुरुवातीला एवढा जाणारच. पाऊण टन वाढलं आणि रिजेक्शन साडेचार टक्क्यांच्या आसपास गेलं. मॅनेजरचा इन्सेंटिव्ह चार टक्क्यांच्या रेषेवर अडकलेला आहे. म्हणजे कंपनीच्या भविष्यासाठी केलेल्या तीन प्रयोगांची किंमत त्या एका माणसाने स्वतःच्या खिशातून मोजायची. तो ट्रायल पुढे ढकलणार नाही तर काय करणार?

पहिला उपाय इथेच आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ट्रायलचा माल, ट्रायलची वीज, ट्रायलचे तास यांची वेगळी नोंद सुरू करा. जॉब कार्डाचा रंग वेगळा ठेवा आणि ईआरपीत वेगळा कोड द्या. नियमित रिजेक्शनमध्ये ट्रायलचा एक किलोही मिळवायचा नाही. ट्रायलचं रिजेक्शन मोजायचं, पण त्याला टार्गेट लावायचं नाही. त्यापुढे दुसरा रकाना ठेवायचा : या हीटमधून काय कळलं? 'तापमान कमी पडलं', 'तिसऱ्या लॅडलनंतर गाठी बिघडल्या', 'रायझरची जागा चुकली'. ज्या हीटपुढे हा रकाना रिकामा राहतो ती खरी वाया गेलेली हीट, माल चांगला निघाला असला तरी.

दुसरा उपाय वेळेचा. शोधासाठी मशीनचे किंवा भट्टीचे तास महिन्याच्या योजनेतच बाजूला काढा. उरले तर देऊ असं म्हटलं की ते कधीच उरत नाहीत. त्यांच्यासाठी एकच नियम ठेवा, हे तास काढून घेण्याचा अधिकार फक्त मालकाचा, आणि तोही कारण लिहून सही करून. असा नियम लागू झाला की सहा महिन्यांनी ती वही उघडायची आणि किती वेळा आपणच सही केली ते पाहायचं. नव्या कामाला आपण किती महत्त्व देतो हे त्या वहीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. ट्रायल रविवारी रात्रपाळीत ढकलण्याची सवय मात्र मोडा. रात्री मेटॅलर्जिस्ट नसतो, प्रयोगशाळा बंद असते, आणि जे शिकायचं ते शिकायला माणूसच हजर नसतो.

हार्वर्डच्या रॉबर्ट सायमन्स यांचं १९९५ मधलं काम मला या विषयातलं सर्वांत उपयोगी वाटतं. त्याआधी तीस वर्षं रॉबर्ट अँथनी यांची मांडणी रूढ होती. वरिष्ठांनी ठरवलेली उद्दिष्टं गाठण्यासाठी साधनं मिळवायची, ती नीट वापरली जाताहेत ना हे पाहायचं, याला व्यवस्थापकीय नियंत्रण म्हणायचं. सायमन्स यांनी विचारलं की उद्दिष्टच बदलायची वेळ आली तर ते कोणत्या यंत्रणेतून कळणार? त्यांनी नियंत्रणाचे चार प्रकार सांगितले. कंपनी कशासाठी आहे हे सांगणारी मूल्यं, काय करायचं नाही हे सांगणाऱ्या मर्यादा, ठरल्याप्रमाणे चाललं आहे का हे तपासणारे आकडे, आणि ज्यावर वरिष्ठ स्वतः वारंवार बसून चर्चा करतात अशी संवादाची यंत्रणा.

पहिल्याविषयी फार लिहीत नाही. ऑफिसच्या भिंतीवर लावलेल्या पाट्यांनी कोणी प्रयोग करू लागल्याचं मी पाहिलेलं नाही. मालक पैसे अडकलेले असताना कसा वागतो त्यावरून माणसं मूल्यं ओळखतात.

मर्यादांचं मात्र तसं नाही. त्या नेमक्या असतील तर माणसं मोकळी होतात. 'नवीन काहीतरी करा' असं सांगितलं की कोणीच काही करत नाही, कारण कुठवर गेलं तर चालेल हे माहीत नसतं. त्याऐवजी असं लिहून द्या. एका ट्रायलचा खर्च अमुक रकमेपर्यंत असेल तर विभागप्रमुखाने मला विचारायची गरज नाही. पॅटर्न किंवा डायचा खर्च ग्राहकाने निम्मा उचलल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. नव्वद दिवसांपेक्षा जास्त उधारी मागणाऱ्या नव्या ग्राहकासाठी डेव्हलपमेंट घ्यायची नाही. सुरक्षेच्या नियमात ट्रायल आहे म्हणून सूट नाही. अशा चारपाच ओळी पुरतात. त्यांच्या आतलं सगळं रान मोकळं. परवानगीसाठी दर वेळी केबिनबाहेर थांबावं लागलं नाही की माणसं किती वेगाने कामं करतात, हे एकदा पाहाच.

आता तिसरा आणि चौथा प्रकार. इथे बहुतेकांचा घोळ होतो. तिसऱ्या प्रकारचे आकडे नियमित कामासाठी. ओईई, पीपीएम, वेळेवर डिस्पॅच, टनामागे वीज. ते आपोआप यावेत, हद्दीबाहेर गेला तेवढाच आकडा तुमच्यापर्यंत पोचावा, बाकीचं विभागप्रमुखांनी सांभाळावं. त्यांच्यावर तुमचे रोज दोन तास जात असतील तर ते तास शोधाच्या वाट्याचे आहेत. चौथा प्रकार मुद्दाम निवडायचा. ज्या अनिश्चिततेमुळे आपला धंदाच डळमळेल, तिच्याविषयीची एखादी माहिती निवडायची आणि तिच्यावर दर आठवड्याला स्वतः बसायचं. लक्ष ही मालकाकडची सर्वांत तुटवड्याची वस्तू आहे, म्हणून अशी माहिती एकच निवडावी, फार तर दोन.

कोणती निवडावी? बहुतेक मध्यम कारखान्यांना माझा सल्ला आहे, नाकारलेल्या एन्क्वायऱ्यांची वही. ग्राहक काय मागत होता आणि आपण का नाही म्हटलं, किंवा कोटेशन देऊन ऑर्डर का गेली. हे कागद मार्केटिंगच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात. कोणी विचारत नाही म्हणून कोणी जपत नाही. दर शनिवारी सकाळी पाऊण तास फक्त या वहीसाठी ठेवा. मार्केटिंग, प्रॉडक्शन, मेटॅलर्जी किंवा डिझाइन आणि तुम्ही, एवढीच माणसं. प्रश्न तीन : हा ग्राहक आज हे का मागतो आहे? अशीच मागणी आणखी कोणाकडून आली? हे जमवायला आपल्याला काय शिकावं लागेल? या बैठकीत 'मग ऑर्डर का घालवली?' हा प्रश्न विचारायचा नाही. तो एकदा जरी विचारला तरी पुढच्या शनिवारी वहीत फक्त अशाच एन्क्वायऱ्या येतील ज्यांत कोणाचाच दोष नव्हता. तीन-चार महिन्यांत त्या वहीतून एक आकृती दिसू लागते. चार वेगवेगळ्या ग्राहकांनी ॲल्युमिनियम मागितलेलं असतं. दोघांनी मशीनिंग करून, थेट जोडता येईल असा नग मागितलेला असतो. बाजार कुठे चालला आहे ते ग्राहक सांगत असतात, आपण मात्र 'नाही' असं उत्तर देऊन फाईल बंद केलेली असते.

या चौथ्या प्रकारच्या आकड्याला सूत्राने बोनस जोडू नका. सायमन्स यांनीही हेच सांगितलं आहे. आकड्यावर बक्षीस लावलं की माणसं आकडा सांभाळतात. 'महिन्याला दोन नव्या कल्पना' असं टार्गेट दिलं तर महिन्याला दोन कल्पना मिळतील, आणि त्या सगळ्या कागदावरच राहतील. इथे कोणी किती मेहनतीने शोध घेतला, किती प्रामाणिकपणे अपयश सांगितलं, हे पाहून वरिष्ठाने स्वतःच्या जबाबदारीवर बक्षीस द्यावं. त्यात पक्षपाताचा धोका आहे, आणि म्हणून कारण चारचौघांत सांगावं.

एकाच फुटपट्टीने सगळं मोजल्यावर काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण थ्री-एम या अमेरिकन कंपनीचं. तिथे तंत्रज्ञांना कामाच्या वेळेपैकी पंधरा टक्के वेळ स्वतः निवडलेल्या प्रयोगांवर घालवण्याची मुभा होती. स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला १९६८ मध्ये असा गोंद सापडला, जो चिकटतो पण सहज निघतो. मजबूत गोंद हवा असणाऱ्या कंपनीत त्याला काही उपयोग दिसेना. त्याच कंपनीतल्या, चर्चमध्ये गाणाऱ्या आर्ट फ्रायला गीतांच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडतात म्हणून या गोंदाची आठवण झाली. पोस्ट-इट म्हणून हे कागद अमेरिकाभर विक्रीला आले ते १९८० मध्ये. मधल्या बारा वर्षांत कोणत्याही तिमाही आढाव्यात हा प्रकल्प टिकला नसता.

पुढे २००० च्या अखेरीस जेम्स मॅकनर्नी हे जनरल इलेक्ट्रिकमधून थ्री-एमचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी खर्च कापला, हजारो माणसं कमी केली आणि सिक्स सिग्मा कंपनीभर लावलं. कामकाजातला नफा २००१ मधल्या १७ टक्क्यांवरून २००५ मध्ये २३ टक्क्यांवर गेला. पण तीच पद्धत प्रयोगशाळेलाही लागली. प्रयोगाच्या प्रत्येक टप्प्यावर आकडेवारी, बाजाराचा अंदाज आणि फरकाचं स्पष्टीकरण द्यावं लागू लागलं. गेल्या पाच वर्षांत आणलेल्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर घसरला. नंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी कारखान्यांत सिक्स सिग्मा ठेवलं आणि प्रयोगशाळांतला फास सैल केला. मला बकलींचा निर्णय मॅकनर्नींच्या निर्णयापेक्षा अवघड वाटतो. सगळीकडे एक नियम लावणं सोपं असतं. या खात्यात हा नियम आणि त्या खात्यात तो, असं रोज सांभाळायला वरिष्ठाला दोन्ही कामांची जाण लागते.

यशामुळे डोळे कसे झाकतात हे पुण्याच्या परिसराने जवळून पाहिलं आहे. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकसाठी लोक एकेकाळी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. प्रतीक्षायादी लांब आहे तोवर उत्पादनाचा कोणताही आकडा धोक्याची सूचना देत नाही. स्कूटरकडून ग्राहक मोटरसायकलकडे सरकला, आणि २००१ मध्ये पल्सर आल्यावर कंपनीला नवी ओळख मिळाली. पहिली चेतक काही वर्षांत थांबली. तेच नाव जानेवारी २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरला मिळालं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातही असं वळण येऊन गेलं आहे. तिथे शेतीसाठी ऑइल इंजिनं बनत. शेतात वीज पोचली, विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी ओसरली. त्याच भट्ट्या आणि तेच मशीन शॉप मोटारींच्या सुट्या भागांकडे वळले. आज मोटारीचं इंजिनच जायच्या वाटेवर आहे. म्हणून वाहनउद्योगाला माल पुरवणाऱ्या प्रत्येकाने एक तक्ता आजच करावा. विक्रीतल्या नगांचे तीन ढीग करा. फक्त इंजिनाच्या गाडीला लागणारे : पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर, इंधनाचे पंप, क्लच. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागणारे : ब्रेक, सस्पेन्शन, स्टीअरिंग, सांगाड्याचे भाग. आणि वाहनाशी संबंधच नसलेले : पंप, व्हॉल्व्ह बॉडी, शेतीची अवजारं, रेल्वे. प्रत्येक ढिगापुढे विक्रीतला वाटा लिहा. शोधावर किती खर्च करावा याचं सर्वांना लागू पडेल असं सूत्र कोणाकडे नाही, आणि थ्री-एमचे पंधरा टक्के ही तुमची संख्या नव्हे. पण पहिला ढीग निम्म्याहून मोठा असेल तर नवं काम शेवटच्या पानावर ठेवणं तुम्हाला परवडणार नाही. तिसरा ढीग मोठा असेल तर घाई करू नका, आहे त्याचा कस काढा.

पैसे कसे द्यायचे? नियमित कामाचं बजेट वर्षाचं एकदम मंजूर होतं. शोधाचं तसं करू नये. १९९५ मध्ये रिटा मॅग्राथ आणि इयान मॅकमिलन यांनी मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. नव्या कामात आपल्याला जे माहीत नाही त्याची गृहीतकं लिहून काढायची आणि एकेक तपासत पैसे सोडायचे. वरच्या फाउंड्रीचंच घ्या. समजा एसजी आयर्नसाठी बारा लाखांची तयारी आहे. पहिले दीड लाख एवढ्याच प्रश्नासाठी : आपल्या भट्टीत आणि आपल्या स्क्रॅपमध्ये गाठी सातत्याने गोल बनतात का? पुढचे तीन लाख दुसऱ्या प्रश्नासाठी : कमी यील्ड धरून निघणारा भाव ग्राहक देतो का? उरलेले तिसऱ्यासाठी : मेटॅलर्जिस्ट घरी गेल्यावर दुसऱ्या पाळीतले लोक हे करू शकतात का? ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर सगळंच कोसळतं आणि जो तपासायला स्वस्त आहे, तो आधी. प्रत्येक टप्प्यावर थांबायची अट आधीच लिहून ठेवायची. नंतर लिहायला बसलं की माणूस स्वतःला पटवत राहतो.

कॉस्टिंगमध्येही एक खबरदारी घ्या. ट्रायलवर पूर्ण मशीन-तास दर लावला तर ऑफिसभाडं, तुमचा पगार, जुन्या कर्जाचं व्याज हे सगळं ट्रायलच्या मोजक्या नगांवर चढतं आणि नवं उत्पादन जन्मताच महाग ठरतं. दोन रकाने ठेवा : एकात प्रत्यक्ष वाढलेला खर्च, दुसऱ्यात पूर्ण खर्च. शोध चालू ठेवायचा का, हे पहिल्यावर ठरवा. ग्राहकाला भाव मात्र दुसऱ्यावर द्या. भाव देताना पहिला रकाना वापरण्याचा मोह होतो आणि त्याने पुढची पाच वर्षं तोट्यात जातात.

आता उलट दिशेची चूक. डॅनियल लेविन्थाल आणि मार्च यांनी १९९३ मध्ये दोन सापळे दाखवले, यशाचा आणि अपयशाचा. दुसऱ्या सापळ्यात एक प्रयोग फसला की माणूस त्यातून नीट शिकण्याआधीच दुसऱ्याकडे धावतो, तो फसला की तिसऱ्याकडे. दर प्रदर्शनातून नवं मशीन ठरवून येणारे, दर वर्षी नव्या धंद्याची कंपनी काढणारे मालक याच सापळ्यात असतात. त्यांच्या कारखान्यात कल्पनांची कमतरता नसते, पण शंभरावा नग पहिल्यासारखा निघत नाही. अशा ठिकाणी मी वर सांगितलेलं काहीही आधी करू नका. आधी नियमित आकडे बसवा, डिस्पॅच वेळेवर न्या, येणं वसूल करा. शोधाला पैसा तिथूनच यायचा आहे. शेतकरी नवं वाण एका वाफ्यात लावून बघतो, आणि बाकीच्या रानात घराला पुरणारं पीक उभं असतं.

शोधाचं काम वेगळ्या माणसांना द्यावं की त्याच माणसांना? ओरायली आणि टशमन हे अभ्यासक मोठ्या कंपन्यांना सांगतात की नवं खातं वेगळं करा, त्याची माणसं आणि मापं वेगळी ठेवा, पण वरची मंडळी एकत्र ठेवा. पाचशे माणसांच्या कारखान्यात हे जमेल. साठ माणसांच्या कारखान्यात वेगळं खातं म्हणजे एक खुर्ची आणि एक जुना कॉम्प्युटर. तिथे निदान एक माणूस पूर्णवेळ द्या. अर्धवेळ दिलेला माणूस पंचवीस तारखेनंतर डिस्पॅचच्या धावपळीत दिसतो. आणि हा माणूस असा निवडा ज्याला शॉप फ्लोअरवर मान आहे. नवा पदवीधर मुलगा हुशार असेल, पण मोल्डिंगच्या मिस्त्रीने त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबायला हवं, आणि मिस्त्री ओळखीच्या माणसासाठीच थांबतो.

सर्वांत दुर्लक्षित क्षण म्हणजे नवं काम जुनं होण्याचा. ट्रायल यशस्वी झाली, सँपल पास झालं, ग्राहकाने पीपीएपी मंजूर केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नग नियमित रिजेक्शनमध्ये, नियमित इन्सेंटिव्हमध्ये धरला जातो. पहिल्या दोन महिन्यांत तो आकडे बिघडवतो, प्रॉडक्शनला नकोसा होतो आणि ग्राहकाला माल उशिरा जाऊ लागतो. कधी याच्या उलट घडतं. चार वर्षांपूर्वी मंजूर झालेला नग अजून 'डेव्हलपमेंट'च्या सवलतीत असतो, कारण त्याचा खरा खर्च कोणाला पाहायचा नसतो. यासाठी तारीख ठरवलेली असावी. माझी पद्धत अशी आहे : मंजुरीनंतर सलग तीन महिन्यांचं शेड्यूल पूर्ण होईपर्यंत नग ट्रायलच्या रंगाच्या कार्डावरच राहतो, पण त्याचं रिजेक्शन दर आठवड्याला प्रॉडक्शन आणि डेव्हलपमेंट दोघांच्या सहीने नोंदलं जातं. चौथ्या महिन्याच्या एक तारखेला तो नियमित होतो, त्याचं टार्गेट मागच्या तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष आकड्यांवरून ठरतं, आणि डेव्हलपमेंटचा माणूस त्याच्यापासून मोकळा होऊन पुढच्या कामाला लागतो.

हे सगळं एकदम सुरू करू नका. नवं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतं. त्याआधी तीन ढिगांचा तक्ता आणि मर्यादांच्या पाच ओळी तयार ठेवा. एप्रिलपासून वेगळ्या रंगाचं जॉब कार्ड आणि राखीव तास. शनिवारची वही मात्र आजच सुरू करता येते, त्यासाठी मार्केटिंगच्या ड्रॉवरची किल्ली एवढीच लागते.